मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

लक्ष्मीबाई नगरात हत्तीला क्वार्टर मिळत नाही, ही बातमी सगळ्यांत आधी मी फोडली.

त्याची गडचिरोलीहून दिल्लीला बदली झाली होती. केंद्र सरकारची ऑर्डर, नाही म्हणायची सोय नाही. सोंडेत ट्रंक, पाठीवर गुंडाळलेली गादी, कानामागे पेन, असा तो आमच्या टॉवरच्या गेटवर येऊन उभा राहिला. गार्डने अलॉटमेंट लेटर मागितलं. हत्तीने दाखवलं. गार्ड म्हणाला, "लेटर तो ठीक है जी, पर लिफ्ट में वजन का बोर्ड पढ़ लो." तेव्हापासून बिचारा गेटवरच बसून आहे. येणाऱ्याजाणाऱ्या अंडर सेक्रेटरीला सोंड उचलून नमस्कार करतो.

हे सगळं मी अकराव्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून आमच्या ह्यांना सांगायची. हे खुर्चीत बसलेले असायचे, तोंड रस्त्याकडे. ह्यांना दिसत नाही.

काचबिंदू. आधी कडेकडेचं गेलं, मग नळीतून पाहिल्यासारखं उरलं, मग ती नळीही बंद झाली. मोठ्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून समाधानने, म्हणजे आमच्या मुलाने, आम्हाला वर्ध्याहून इथे आणलं. डॉक्टर भला माणूस होता, गोड बोलून फसवलं नाही. म्हणाला, गेलं ते गेलं. मग परत जायचा विषयच कोणी काढला नाही.

इथे आम्ही एकटे नाही, असं समाधान म्हणतो. सकाळी तो आणि आमची सून चेतना आपापल्या ऑफिसला जातात. नात लुंबिनी कॉलेजात जाते, आणि घरी असते तेव्हा कानात कापसाच्या बोंडासारखं काहीतरी पांढरं घालून बसते. दार लागलं की घरात फ्रिजचा आवाज. शेजार आहे की, ओडिशाचा, केरळचा, मणिपूरचा. सगळे लिफ्टमध्ये भेटतात आणि दारावरचे आकडे बघत उभे राहतात. मी एकदा एका बाईला म्हटलं, "हमारे वर्धा में गर्मी में पटरी इतनी तपती है कि मालगाडी में पापड़ रखो तो बडनेरा तक भुन जाते हैं." ती "अच्छा" म्हणाली आणि सातव्या मजल्यावर उतरली. राहते नवव्यावर.

त्यामुळे माझं गिऱ्हाईक एकच. आमचे हे.

आणि गिऱ्हाईक पक्कं होतं हो. हे रेल्वेत ड्रायव्हर. काशीनाथ ड्रायव्हर म्हटलं की वर्ध्याच्या लोको शेडमधली पोरं अजून उठून उभी राहतील. मी नर्स. सायकलच्या कॅरिअरला लशींची पेटी बांधून खेडीपाडी फिरले. हे ड्यूटीवरून आले की मी ताट वाढता वाढता सुरू करायची: आज अमक्या गावात लस टोचायला बिबट्या रांगेत उभा होता, मी म्हटलं आधार नंतर दाखव, आधी दंड पुढे कर. हे घास हातात धरून हसायचे. मग हळूच म्हणायचे, "ताप आला असेल त्याला रात्री. गोळी दिलीस ना?" अशी जोड द्यायचे. मी बिबट्या आणायची, हे त्याला ताप आणायचे. संसार तसा मजेत झाला आमचा.

हत्तीलाही सुरुवातीला ह्यांनी जोड दिली. म्हणाले, "क्वार्टर टाइप फोर मागतोय की टाइप फाइव्ह?"

मग हळूहळू जोड बंद झाली. मग हसणं. मग नुसतं "हूं." आणि मग एका सकाळी मी म्हटलं, "आज धुकं फार आहे, समोरचा टॉवरच गायब झालाय." मी चहा ठेवायला आत गेले तर मागून ह्यांचा आवाज, "लुंबिनी, बाहेर धुकं आहे का गं?"

"हां आजोबा, बहुत. काहीच नाही दिसत."

"अच्छा."

गॅसपाशी मी तशीच उभी. हत्तीचं विचारलं असतं तर चाललं असतं, बरं का. हत्ती माझाच होता. पण धुकं? धुकं काय मी आणलं होतं?

नंतर कान देऊन ऐकायला लागले तर सगळ्याचीच अशी तपासणी चालली होती. मी म्हणायची भाजी दुधीची आहे, हे चेतनाला विचारायचे. मी म्हणायची शर्ट पांढरा दिलाय, हे समाधानला विचारायचे. एक दिवस मी विचारलंच, "अहो, माझ्यावर भरवसा नाही का?"

हे शांतपणे म्हणाले, "डोळे होते तेव्हा तुझ्या थापा फुकट होत्या, रमा. ऐकायच्या, हसायचं, मान वळवून बघायचं. आता मान वळवून काय बघू?"

भांडले असते तर बरं झालं असतं.

खाली यायचंही ह्यांनी बंद केलं. काठी कोपऱ्यात उभी. माझा हात धरून चालायचं ह्यांना पटत नव्हतं. एवढं मोठं इंजिन हाकणारा माणूस, बायकोच्या हाताला धरून गेटपर्यंत जाणार. मी एकटीच खाली जायची, सरोजिनी नगरच्या बाजारातून उगाच चक्कर मारून यायची, आणि आल्यावर सांगायला तोंड उघडायची, आणि मिटायची. सांगून काय करायचं? हे लुंबिनीची वाट बघणार.

मला दुसरं काही नको होतं. ह्यांनी एकदा खाली यावं, आणि मी जे सांगेन ते दुसऱ्या कोणाला न विचारता खरं धरावं. बस.

सायकल मला नेहरू पार्कजवळ दिसली. लांबलचक, दोन सीटची. पुढे एक तरुण मुलगी, मागे एक तरुण मुलगा, आणि मुलाच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हाच कळलं मला. ते वर उचललेलं तोंड मी रोज घरी बघते. पण पाय काय मारत होता! आणि हसत होता.

मी अकरा मजले लिफ्टने वर आले तरी धाप लागली होती. "अहो, दोन माणसांची सायकल आहे! पुढचा हँडल धरतो, मागच्याने नुसतं पायडल मारायचं. मागे आंधळा बसला तरी चालतं. पाहिली मी आत्ता!"

हे म्हणाले, "आणि हत्ती कुठे बसला होता?"

"अहो, खरंच."

"हूं."

संध्याकाळी लुंबिनी आल्यावर ह्यांनी विचारलं. तिने कानातली बोंडं काढली, मोबाईलवर बोट फिरवलं. "हां आजोबा, असते ना. टँडम म्हणतात. दिल्लीत ग्रुप पण आहे, ब्लाइंड लोक मागे बसतात."

हे माझ्याकडे, म्हणजे मी जिथे नव्हते तिथे, तोंड करून म्हणाले, "पुढे कोण बसणार?"

"मी. दुसरं कोण आहे?"

हे उठले आणि आत जाऊन पडले.

तिथेच संपलं असतं. पण समाधानला कळलं आणि तो म्हणाला, "आई, दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये? या वयात? बिल्कुल नाही. बाबा तर नाहीच नाही." तसे हे आतल्या खोलीतून म्हणाले, "का नाही?" समाधानला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं की बापाला नाही म्हटलं की काय होतं. माझ्या लक्षात होतं. म्हणून तर मी त्याच्या कानावर घातलं.

कोटल्याच्या बाजारात एक पाहवा नावाचे गृहस्थ सायकली भाड्याने देतात, त्यांच्याकडे अशा दोन आहेत, हे लुंबिनीने शोधलं. तिघं रिक्षाने गेलो. ह्यांनी गॉगल घातला, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि काठी घरी ठेवली. मी म्हटलं, "घ्या ना." हे म्हणाले, "दुकानात कशाला?" माझ्या खांद्याला नकळत हात लागल्यासारखा ठेवून दुकानात शिरले. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा लाडात आलाय.

पाहवाजींच्या सायकलींना प्लास्टिकचे गुलाब गुंडाळलेले. लग्नाआधी नवरानवरीचे फोटो काढतात ना हल्ली, त्यासाठी जातात त्या. ते आम्हाला बघून खूश. "अंकलजी, गोल्डन ज्युबिली का शूट है? ड्रोन भी अपने पास है."

मी म्हटलं, "नहीं भाईसाहब, खरीदनी है. हम नागपूर से ऐसी ही साइकिल पर दिल्ली आए थे. मथुरा में बंदर ले गए."

"पूरी साइकिल?"

"चार बंदर थे."

पाहवाजींनी तोंडाचा आ केला. लुंबिनी म्हणाली, "आजी यार!" मी ह्यांच्याकडे पाहिलं. पूर्वीचे असते तर म्हणाले असते, पंप तेवढा टाकून गेले. ह्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. हाताने सायकल चाचपत होते. हँडल, मग सीट, मग पुढून मागे गेलेली लांब चेन.

"आगे सर बैठेंगे, पीछे मैडम," पाहवाजी समजावत होते. "कंट्रोल सारा आगेवाले का. पीछेवाला भरोसे पे."

ह्यांनी मला हळूच विचारलं, "निळी आहे का?"

निळ्याशिवाय ह्यांना दुसरा रंग आवडतच नाही. घराचं दार निळं, मफलर निळा, लग्नात माझी साडीसुद्धा ह्यांनी निळी आणली होती, वर पांढरी किनार. मी दोन्ही सायकलींकडे पाहिलं. एक निळी, उंच. दुसरी लाल, बुटकी, फोटोत नवरीचा पाय टेकावा म्हणून मुद्दाम आणलेली. मी स्वतः केवढी ते मला ठाऊक आहे. निळीवर बसले तर माझे पाय जमिनीवर येणार नाहीत. आता ह्यांच्या हातात लाल देऊन 'निळी आहे' म्हणायला काय लागलं असतं मला? बिबट्याला रांगेत उभं करणारी बाई मी.

म्हटलं, "तुमच्या हाताखाली आहे ती निळी. पण उंच आहे. माझ्यापुरती आहे ती लाल."

"हूं."

मी लाल सायकलची सीट बघायला पलीकडे गेले. पाठ वळली आणि ह्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"भाईसाब, ये कौनसा रंग है?"

पाहवाजी गोंधळले. "नीला है, सर. क्यूँ, सर को दिखता नहीं क्या?"

"दिखता है," हे म्हणाले. "ऐसे ही पूछा."

मी प्लास्टिकचा एक गुलाब सरळ करत बसले. तो आधीच सरळ होता. लुंबिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे बघायला लागली. परक्या माणसापुढे आंधळं ठरायची वेळ आली तरी चालेल, पण माझा शब्द नको. घरी कळलं होतं तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

पाहवाजी म्हणाले, रविवारी पहाटे त्यांचा टेम्पो इंडिया गेटकडे शूटसाठी जातो, दोन्ही सायकली त्यात असतात. कोपर्निकस मार्गावर सकाळी गर्दी नसते. तिथे या, चालवून बघा, जी पसंत पडेल ती घरी न्या. लुंबिनीने ह्यांना लालूच दाखवली, "आजोबा, तिथेच जुनं महाराष्ट्र सदन आहे, नंतर पोहे खाऊ." हे पोह्यांना हो म्हणाले. सायकलला म्हणाले की नाही, कळलं नाही.

रविवारी थंडी अशी होती की मी रिक्षावाल्याला सांगितलं, हमारे यहाँ ऐसी ठंड में बकरी स्वेटर देती है, दूध नहीं. तो हसला. शेजारी बसलेले हे हसले नाहीत.

रस्ता रिकामा, ओला. जानेवारीची सुरुवात, परेडची तालीम चालू झालेली, पण लोखंडी कठडे अजून लागायचे होते. धुकं झाडांच्या वर उचललं गेलेलं. टेम्पोजवळ एक नवरी लेहेंग्यावर नवऱ्याचं जॅकेट घालून कुडकुडत होती. आम्हाला बघून तिने हात हलवला. मी ह्यांना सांगणार होते, नाही सांगितलं.

आधी निळी. ह्यांचा मान म्हणून. मी पुढे चढले, लुंबिनी आणि पाहवाजींनी धरली, हे मागे बसले. निघालो. चार झाडं गेली नसतील, थांबायची वेळ आली, आणि माझा पाय जमीन शोधत राहिला. सायकल तिरपी, हे तिरपे, मी तिरपी. पाहवाजी धावत आले म्हणून दात शाबूत राहिले.

"उंच आहे," मी म्हटलं.

"तू बुटकी आहेस," हे म्हणाले. दुकानातून आल्यापासूनचं पहिलं वाक्य.

मग लाल. हे चढताना म्हणाले, "आयुष्यभर लाल दिसला की गाडी थांबवली. आता लालवर बसून निघायचं."

"डोळे मिटून बसा."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ह्यांच्या नाकातून किंचित वारा गेला. हसले होते की थंडी होती, मला पुढून काय कळणार? या सायकलीचं तेच तर आहे. दोघं बरोबर जायचं, पण तोंड कोणी कोणाचं बघायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पुढचं आणि मागचं पायडल एकाच चेनने बांधलेलं असतं. एक फिरलं की दुसरं फिरणार, एक अडलं की दुसरं अडणार. मी म्हणायची, "रस्ता मोकळा आहे, मारा पाय," आणि ह्यांचे पाय घट्ट व्हायचे, की माझे पाय तिथल्या तिथे बंद. मी म्हणायची, "डावीकडे वळतोय," हे सगळं अंग आखडून घ्यायचे, सायकल उजवीकडे जायला बघायची. घरात तो अविश्वास नुसता ऐकू यायचा. इथे तो माझ्या तळपायाला लागत होता.

"अहो, काही नाहीये समोर. खरंच मोकळा आहे."

मागे पाय लाकूड.

"माझा शब्द पटत नसेल तर लुंबिनीला बोलावू का? ती पळत पळत सांगेल."

त्यावर ह्यांनी पायडल मारलं. रागाने मारलं असेल, पण मारलं. सायकल सुटली. मीही मारलं. जुन्या सदनाची भिंत मागे गेली, झाडं मागे गेली, गार वारा डोळ्यांत गेला. माझे गुडघे कुरकुरत होते आणि मला ऐकायचं नव्हतं. वाटलं, बोलूच नये आता. गप्प राहिले तर हे असेच चालत राहतील.

आणि तेव्हाच समोरच्या चौकातून उंट आले.

तालमीचे उंट. रांगेने. पाठीवर रंगीत झुली, गळ्यात गोंडे, मिशीवाले जवान लगाम धरून पायी चाललेले. पहिला उंट रस्ता ओलांडून गेला, दुसरा मध्यावर, आणि अजून येतच होते. सांगते ना, मी जन्मभर जेवढी जनावरं बनवली, त्यांतलं एकही इतकं बनवलेलं दिसत नव्हतं.

"अहो, थांबा! पाय थांबवा! उंट आहेत!"

मागून आवाज आला, "नको ना रमा. आता नको."

थकलेला आवाज. आणि पाय मात्र अजून जोरात. ह्यांना वाटलं, मी ह्यांना हसवायला उंट काढलाय. जरा बरं चाललंय तर बाईने लगेच जनावर आणलं.

"अहो, खरे उंट! माझ्या बापाशपथ!"

"हूं." आणि पायडल.

मी ब्रेक दाबले. दोन्ही. माझे पाय ह्यांच्या पायांनी फिरवले जात होते, हात सायकल थांबवत होते, आणि मधल्या मधे मी. एक जवान ओरडला, "ए माताजी!" ओल्या रस्त्यावर चाक किंचित सरकलं. मी पाय टाकला. लाल सायकल होती, पाय टेकला. थांबलो तेव्हा माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर उंटाचा गुडघा होता.

उंटही थांबला. मान खाली घातली, माझ्या डोक्यावरून मागे नेली, आणि ह्यांच्या तोंडावर एक लांब, ओला, सडक्या चाऱ्याच्या वासाचा श्वास सोडला. ह्यांचा गॉगल धुक्याने भरला.

ह्यांनी हात वर केला, हळूहळू, चाचपत. नाकाची लव लागली. ओठ लागला. तो ओठ हलला तसा हात मागे घेतला, आणि परत पुढे केला. मानेवरून खाली गोंड्यापर्यंत.

"उंट आहे," हे म्हणाले.

बोलायचं माझं काम संपलं होतं.

जवानाने लगाम ओढला. "बाबूजी, देख के चलाया करो."

"देखनेवाली आगे बैठी है," हे म्हणाले. "मैंने सुना नहीं."

पहिल्यांदा परक्या माणसासमोर असं बोलले. गॉगल काढून शर्टाला पुसायला लागले, म्हणजे जवानाला डोळे दिसलेच. त्याने उंटाला हलकेच बाजूला घेतलं. ती रांग जाईपर्यंत आम्ही दोघं एका सायकलवर उभे, मी पुढे बघत, हे कुठेही न बघत. उंट लांब गेले.

लुंबिनी धावत आली. "आजी! आजोबा! आर यू ओके? मी तर घाबरले यार!"

आता हे विचारणार, मला वाटलं. लुंबिनी, किती उंट होते गं? लुंबिनी, कोणता रंग होता झुलीचा?

ह्यांनी विचारलं, "रमा, किती होते?"

"मोजले नाहीत. दहाबारा असतील. झुली लाल-पिवळ्या."

"अच्छा," हे म्हणाले. लुंबिनीकडे तोंड वळवलंच नाही.

मला नाक ओढायचं होतं पण पुढे बसलेल्या माणसाचं नाकसुद्धा मागच्याला ऐकू येतं. मी थंडीचं निमित्त करून खोकले.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "इंजिनात दोघं असतात. ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं, हिरवा. दुसऱ्याने परत म्हणायचं, हिरवा. परत म्हटलं नाही तर ऐकलंच नाही असं धरायचं. तिथे थाप मारायची नसते, आणि गप्पही बसायचं नसतं."

"बरं मग?"

"मग काय. तू दिसेल ते म्हण. मी परत म्हणतो. गॅलरीत काय सांगायचं ते सांग, ते वेगळं. हे इंजिन आहे."

"मग तुम्ही असिस्टंट?"

ड्रायव्हर होते हो, असिस्टंटपासून चढत चढत झालेले. "हो," म्हणाले. "डिमोशन."

पाहवाजी पोचले होते, धापा टाकत. म्हणाले, अंकलजींना नीला पसंद असेल तर ही लालच निळी रंगवून देतो, एक दिवसाचं काम. मी म्हटलं, हो हो, रंगवा. हे म्हणाले, "नको. लाल आहे असं हिने सांगितलंय. मी तेच धरून बसलोय, आता परत कुठे बदलता."

फिरून निघालो. मी ओरडले, "रस्ता मोकळा!" मागून आलं, "रस्ता मोकळा!" असा खणखणीत आवाज की सदनाच्या फाटकावरचा माणूस बाहेर आला. "डावीकडे!" "डावीकडे!" पाय गरगर फिरले. "खड्डा!" "खड्डा!" "नवरी!" "काय?" "नवरी उभी आहे रस्त्यात, जॅकेट घातलेली!" "नवरी!"

ती नवरी बघतच राहिली.

मग सरळ लांब रस्ता आला. सांगण्यासारखं काही नव्हतं. मी गप्प, हे गप्प. गप्प राहिलं की परत ते अकराव्या मजल्यावरचं आठवतं: फ्रिज, दार, चार वाजता येणारं एवढंसं ऊन. सायकल घरी नेऊ, ठीक आहे, रविवारी निघू. सोमवार ते शनिवार काय? समाधान ऑफिसला, चेतना ऑफिसला, आणि ह्यांची खुर्ची. माझी पाठ ह्यांच्याकडे होती म्हणून बरं, मी रडून घेतलं थोडंसं, वाऱ्याने वाळलंही.

तेवढ्यात मागून हे ओरडले,

"मागून हत्ती!"

मी दचकले. पाय चुकले. "काय?"

"परत म्हण. नियम आहे."

मागे वळून बघता येत नाही त्या सायकलवर. वळलात तर पडलात. आणि खरं सांगू, मला बघायचंही नव्हतं. मी पूर्ण ताकदीने ओरडले, "मागून हत्ती!"

रस्ता झाडणाऱ्या बाईने झाडू उचलून मागे पाहिलं.

"ट्रंक आहे का सोंडेत?" मी विचारलं.

"ट्रंक आहे, गादी आहे. घाईत आहे." ह्यांचा श्वास लागला होता, पण पाय थांबत नव्हते, माझ्या पायांना कळत होतं. "क्वार्टर मिळालं म्हणतोय."

"कुठे?"

"आपल्याच टॉवरला. बारावा मजला. जोरात मार, रमा. तो आधी पोचला तर लिफ्ट जाईल."

मी जोरात मारलं.